बंदुकीचा नैवेद्य

२१ मार्च, शनिवार

बंदूक काल पोलीस ठाण्यातून परत मिळाली आणि ती मोडकी आहे. जत्रा दहा एप्रिलला. कारागीर सापडत नाही. सकाळपासून सात जणांना फोन केले, प्रत्येकाने वेगळंच सांगितलं, आणि दुपारपर्यंत कोण काय म्हणालं याची सरमिसळ झाली. म्हणून लिहायला बसले. कारखान्याने सभासदांना वाटलेली डायरी आहे. पहिले अडीच महिने कोरे. कोरेच राहू देत.

बंदूक ठासणीची, एकनळी. जुन्या घडणीची दिसते, पण सासऱ्यांनी रानडुकरांसाठी परवान्यावर नवी घेतली होती. चैत्र वद्य अष्टमीला नाथाच्या देवळापुढे तिचा बिनगोळीचा बार निघतो. त्याशिवाय पालखी उठत नाही. हा मान आमच्या घराचा. हे चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून परवाना माझ्या नावावर. आता घोड्याची स्प्रिंग तुटली आहे आणि ठिणगी पाडणारी टोपी बसते ती जागा फुटली आहे. गेल्या जत्रेत, आमच्या रानराखणीच्या महिपतीच्या हातून.

वीस दिवस आहेत. पुष्कळ झाले.

२२ मार्च

पुण्याच्या दुकानदाराला फोटो पाठवले. उत्तर आलं — "मॅडम, पॉलिश करून भिंतीवर लावा, फार छान दिसेल."

भिंतीवर लावायला माझ्याकडे यांचा फोटो आहे!

२४ मार्च

दिग्विजय — माझा पुतण्या, एमआयडीसीत दूध प्रकल्पात आहे — तिथला एक वेल्डर घेऊन आला. वेल्डरने बंदूक उलटी धरली, एक डोळा मिटून नळीत पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, दोन टाके मारतो, तोफ करून देतो." मी विचारलं, "पहिला बार तू काढशील? गालाला लावून?" तो हसला. मी नाही हसले. चहा पाजून वाटेला लावला.

दिग्विजय घुश्शात. या वर्षी बार तो काढणार आहे. परवानगीचा अर्ज मीच दिला. पण याने बारामतीत फ्लेक्स छापून घेतलाय — गॉगल, फेटा, खाली "बाराचे मानकरी". बंदूक मोडकी आणि फ्लेक्स तयार. या पिढीचं सगळं असंच.

२५ मार्च

गिरणीवरून येताना फुलाबाई भेटली. महिपतीची बायको. वाट सोडेना.

"बंदूक नीट करायला माणूस हुडकताय म्हनं बाईसाहेब?"

"हो."

"मिळंल की. मिळाला म्हंजी त्येलाच इचारा, बोटं कुठं मिळत्यात का."

बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी चालू लागले. वेशीत भांडणं मला येत नाहीत.

एकदा स्वच्छ लिहून ठेवते. महिपती आमच्याकडे तीस वर्षं रानराखण करत होता आणि बारही तोच काढायचा. गेल्या वर्षी दोनदा टोपी वाजली, बार निघाला नाही. याने वरून दारू ठासायचा गज घातला आणि तेव्हाच बार झाला. डाव्या हाताची तीन बोटं गेली. पिऊन होता. मी ठाण्यात तसा जबाब लिहून दिला. परवाना माझा, जबाबदारी माझी, लिहिणं भाग होतं. त्या जबाबावर प्रकरण मिटलं. त्याच जबाबावर त्याची अपघाताची मदतही नामंजूर झाली. त्याला मी काय करणार? प्यायला मी सांगितलं नव्हतं.

२७ मार्च

कारागीर सापडला! भिगवणला.

म्हणजे पत्ता भिगवणला. पुण्याहून रिकाम्या हाती परतताना दिग्विजयला मासे खायचे होते. मी खानावळीबाहेर बाकड्यावर केळी खात बसले. आत गल्ल्यामागे एक ठासणी टांगलेली दिसली. मालकाला विचारलं, "शोभेची का?"

"शोभंची कशाला, चालती की! परवाना हाय, हितं लावलाय बगा, चौकटीत. इंदापूरच्या इलाहीचाचानं केली. बाप बी त्येच करायचा. आता कोयत्याला धार लावतो, पर हात तोच हाय."

"सरकारी परवाना आहे का त्यांच्याकडे? दुरुस्तीचा?"

"त्यो तुमच्याकडंच मागंल आधी," म्हणाला आणि हसला.

२८ मार्च, शनिवार

इंदापूर. इलाही शिकलगार. पंचाहत्तरीचे असतील. दुकानापुढे ऊसतोड्यांचे कोयते, डाळिंब छाटायच्या कात्र्या. मी नमस्कार केला, तर पहिला शब्द — "परवाना."

"बंदूक गाडीत आहे, आणते."

"बंदूक ऱ्हाऊ द्या गाडीत. आधी परवाना."

माणूस मला तिथेच पसंत पडला. चष्मा पुसून ओळन् ओळ वाचली, नंबर वहीत उतरवला, मग बंदूक हातात घेतली. स्प्रिंगकडे पाहिलंही नाही. नळीला बाहेरून गज लावला, अंगठ्याने खूण धरली, मग तोच गज आत सोडला. खूण चार बोटं वरच राहिली.

"बाई, तळात काय तरी बसलंय."

"बारूद?"

"बघू."

फुटलेली टोपीची जागा खोलून काढली. नळीत कोमट पाणी भरून ठेवलं. दोन तास. तोवर त्यांनी अकरा कोयत्यांना धार लावली. मग गजाच्या टोकाला पिळाचा आकडा लावून खरवडायला लागले. वर्तमानपत्रावर काळा, चिकट गोळा पडला. त्यांनी तो चिमटीत धरला, फोडला, हुंगला. आत तांदळाचे दाणे. लालसर. एक झेंडूची पाकळीही.

"ह्याला तुपाचा वास हाय," म्हणाले. "बाई, बंदुकीला जेवू कुणी घातलं?"

मी दिग्विजयला चहा आणायला पाठवलं. मग सांगितलं — मी.

आमच्या घरची रीत आहे. दसऱ्याला बंदूक पाटावर उभी करायची, हळदकुंकू वाहायचं, आणि नळीत पाच अक्षता आणि चमचाभर पंचामृत सोडायचं. बंदूक उपाशी राहू नये म्हणून. सासूबाईंनी शिकवलं. गेल्या दसऱ्याला बंदूक ठाण्यात होती, तो सोडला तर चाळीस वर्षं मी ते चुकवलेलं नाही.

"आन् काढायचं कुणी?"

"काय काढायचं?"

म्हाताऱ्याने चष्मा काढून ठेवला. मग शांतपणे सांगितलं. ठिणगी जायचं भोक निम्मं बुजलेलं. ठिणगी त्या चिकट्यात धुमसत बसली. माणसाला वाटलं, बार वाया गेला. त्याने गज घातला आणि मग पेटलं.

"तो पिऊन होता," मी म्हटलं.

"असंल. न पिता बी हेच झालं असतं."

२९ मार्च

काढायचं कुणी! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे आणि महिपती बंदूक विहिरीवर न्यायचे. गरम पाण्याची किटली घेऊन. मला वाटायचं, पुरुषांना गप्पा मारायला निमित्त. घालायचं बायकांनी, काढायचं पुरुषांनी. रीत दोघांची होती आणि मला निम्मीच ठाऊक. हे गेले, निम्मी त्यांच्याबरोबर गेली. मी मात्र माझी निम्मी दरवर्षी चोख केली.

कपाटाची किल्ली माझ्याकडे. त्या नळीत मी तीन दसरे जेवण घातलं आणि कुलूप लावलं.

३० मार्च

वीस ओळी लिहिल्या आणि खोडल्या. दर सोमवारी बँकेत जाते, आज गेले नाही.

१ एप्रिल, बुधवार

महिपतीकडे गेले. वर्षभरात पहिल्यांदा. तो अंगणात शेंगा फोडत होता, उजव्या हाताने. डावा मांडीखाली. फुलाबाईने पाणी आणलं, पण तांब्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

मी सरळ विचारलं — नळी साफ करावी लागते, हे तुला माहीत होतं?

"व्हय की."

"मग बोलला का नाहीस?"

फुलाबाईच उसळली. "बोलला न्हाय? दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी दारात हुबा व्हता त्यो. दर साली! तुमीच म्हनला, बंदूक जत्रंलाच मिळंल, परवाना माझ्या नावावर हाय."

खरं आहे. मी म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. मला वाटलं, याला बंदूक मिरवायची आहे.

"आणि जत्रेच्या सकाळी?"

"म्या म्हनलं, बाईसाहेब, पाण्यानं धुतो वाईच," महिपती म्हणाला. "तुमी म्हनला, पालखी खोळंबलीया, काढ बार."

हेही खरं. घड्याळ बघत म्हटलं होतं.

"मग तू नाही का म्हणाला नाहीस?"

तो हसला. "तुमास्नी? तात्यासाहेब बी म्हनत न्हवतं."

तात्यासाहेब म्हणजे आमचे हे. मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्या दिवशी.

मी म्हटलं, मदतीचं बघू, पुन्हा अर्ज करू. त्याने शेंगांची पाटी बाजूला सारली. "त्ये ऱ्हाऊ द्या. म्या प्यालो न्हवतो. त्या दिशी उपास असतो माझा, बार निघूस्तवर पानी बी घेत न्हाय. पोरीच्या सासरी माझा जावई मला बेवडा म्हनतो. तुमी लिवलंय म्हनून."

तांब्यातलं पाणी प्यायले आणि उठले.

२ एप्रिल

प्रश्न एवढाच — मी त्याला पिताना पाहिलं होतं का? नाही. तोंडाला वास आला होता? मी दहा पावलं लांब होते. देवळापुढे कुणीतरी म्हणालं, "पिऊन असंल," आणि मी ठाण्यात ते "असंल" काढून "होता" लिहिलं. बी.ए. झालेली बाई! तिथल्या साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली होती.

घाबरून लिहिलं असं म्हणावं, तर तेही नाही. मला खात्री होती. मला नेहमीच असते.

६ एप्रिल, सोमवार

इंदापूर. बंदूक तयार. नवी स्प्रिंग, नवी टोपीची जागा, नळी आतून आरशासारखी. चाचांनी नुसती टोपी वाजवून दाखवली — नळीच्या तोंडापुढे झाडाचं पान धरलं होतं, ते थरथरलं. "वाट मोकळी झाली," म्हणाले. काम असं असावं.

मी म्हटलं, नळीत काय सापडलं ते लिहून द्या.

"मी अंगठेबहाद्दर न्हाय, पर सरकारी भाषा येत न्हाय."

"तुम्ही सांगा, मी लिहिते. सही तुमची."

त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. या वेळी एकही शब्द बदलला नाही. सही करण्याआधी त्यांनी सगळं दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाई, हे ज्याला दावणार, त्याच्यापुढं तुमीच उघड्या पडताय की."

"ठाऊक आहे."

"मग ठीक."

८ एप्रिल

उद्या नवा जबाब आणि बंदूक ठाण्यात देणार, हे दिग्विजयला सांगितलं. घर डोक्यावर घेतलं त्याने.

"काकी, खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरच केस होईल!"

"होऊ दे."

"परवाना जाईल!"

"जाऊ दे."

"मग जत्रा झाल्यावर द्या की. दोन दिवसांनी काय बिघडतंय? फ्लेक्स लागलाय माझा चौकात!"

दोन दिवसांनी बार निघालेला असेल, पेढे वाटलेले असतील, आणि महिपतीचं काय ते पुढच्या चैत्रावर जाईल. मी स्वतःला ओळखते. बंदूक कपाटात असली की मला माझंच खरं वाटतं.

"बार नाही तर पालखी कशी उठणार?" — शेवटचं अस्त्र.

"खांद्यावर. दरवर्षी तशीच उठते."

जेवला नाही. ताट झाकून ठेवलं आहे. उद्या सकाळी गाडी तोच चालवणार, हेही त्याला सांगितलं.

९ एप्रिल, गुरुवार

ठाण्यात जमा केलं : ठासणीची बंदूक एक, दुरुस्त, नळी साफ. मूळ परवाना. इलाही शिकलगार यांचा लेखी अहवाल, एक पान. माझा नवा जबाब, दोन पानं — आधीचा खोटा होता, महिपतीला प्यालेला मी पाहिलेला नाही, नळीतले तांदूळ माझ्या हातचे. बाराची परवानगी नको असल्याचा अर्ज. सगळ्याची शिक्क्यासह पोच घेतली.

जबाबाची शिक्का मारलेली प्रत फुलाबाईच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि मला परत केली. "मला कुठं वाचता येतंय? तुमीच वाचा. थांबा, मान्सं जमू द्या."

माणसं जमली. उभी राहून वाचली, दोन्ही पानं. मग प्रत पुन्हा तिच्या हातात दिली.