आधी दिवस राहू द्या, मग या

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कृष्णाकाठ मराठी कर्मचारी संस्थेचे प्राथमिक आरोग्य केंद्र,
गाझियाबाद.

विषय: गरोदर राहण्याआधी औषध बदलून मिळण्याबाबत, तिसऱ्यांदा.
संदर्भ: आपले पत्र, "गरोदरपणाचा पुरावा जोडून पुन्हा अर्ज करावा."

महोदय,

१. अर्जदार सौ. मीनाक्षी टिपणीस हिला लहानपणापासून फिट येतात. त्यावरची गोळी ती आपल्याच केंद्रातून घेते. लग्नानंतरही तीच गोळी चालू राहिली. मूल हवे आहे का, असे तिला येथे कोणी विचारले नाही. तिचे बाळ पाठीचा कणा उघडा घेऊन जन्मले आणि दुसऱ्या दिवशी गेले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या गोळीने असे होऊ शकते. औषध दिवस राहण्याआधीच बदलायचे असते आणि फोलिक अॅसिडही तेव्हापासूनच घ्यायचे असते. हे तुमच्या केंद्राने सांगायला हवे होते, असेही त्या म्हणाल्या. त्यांना आपले केंद्र ठाऊक नसावे.

२. म्हणून या खेपेस अर्जदार आधीच आली. इस्पितळात औषध बदलून घ्यायचे तर आपली चिठ्ठी लागते. खिडकीवरच्या राजाभाऊंकडे बायकांच्या दोनच रांगा आहेत: मूल नको असलेल्यांची आणि मूल पोटात असलेल्यांची. मूल हवे असलेली बाई कुठे उभी करावी, यावर त्यांनी बराच विचार केला आणि तिच्या हातात निरोधचे पाकीट ठेवले. आत तपासणीला बसलेल्या डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता फर्मावले, "अच्छा, पॉझिटिव्ह आलं की या. अभी तो कुछ है ही नहीं." तिने गेलेल्या बाळाचे सांगितले, तेव्हा त्यांनी मनात चांगले विचार आणण्याचा आणि भिंतीवर गोंडस बाळाचे कॅलेंडर लावण्याचा सल्ला दिला. कॅलेंडर लावले आहे. गोळी तीच आहे.

३. मध्यंतरी आपण 'गर्भधारणापूर्व काळजी सप्ताह' साजरा केलात. अर्जदार मोठ्या आशेने सकाळीच येऊन बसली. फुलांनी सजवलेला झोपाळा होता, सनई होती, आणि आपल्या सौभाग्यवतींच्या हस्ते पाच जणींच्या ओट्या भरल्या गेल्या. पाचही जणींना सातवा-आठवा महिना होता. काळजी गर्भधारणेपूर्वीची असली तरी फोटोत पोट दिसायला हवे, असे सांगून सिस्टरांनी अर्जदारास मागच्या बाकावर बसवले. निघताना तिला पेढा मिळाला, चिठ्ठी मिळाली नाही. सप्ताह यशस्वी झाल्याचा फलक अजून दारावर आहे. आपल्याला त्याची लाज वाटत असेल, असा अर्जदाराचा समज नाही.

४. गोळी आपल्या मनाने बंद केली तर फिट येईल. चालू ठेवून दिवस राहू दिले तर काय होते, ते तिने मांडीवर घेऊन पाहिले आहे. तिला मूल हवे आहे आणि तिला भीती वाटते. तेव्हा इस्पितळाच्या नावे चिठ्ठी द्यावी, आणि आपल्या प्रतिष्ठेस धक्का लागणार नसेल तर खिडकीवर तिसरी रांग सुरू करावी.

५. आता आपण मागितलेल्या पुराव्याबाबत. अर्जदाराकडे गरोदरपणाचे कार्ड आहे. ते आपल्याच केंद्राचे असून त्यावर आपलाच शिक्का आहे. बाळाच्या मृत्यूच्या दाखल्याला ते टाचलेले आहे. एवढ्या पुराव्यावर भागत असल्यास कळवावे.

आपली नम्र, आणि आपल्याच सांगण्यावरून थांबलेली,
सौ. मीनाक्षी अविनाश टिपणीस

गाझियाबाद,
दि. १२ फेब्रुवारी २०१९

सोबत: वरील कार्ड व दाखला. कृपया सुटे करू नयेत.