तीन ठिकाणी सापडलं तरच खरं

१२ जानेवारी २०२६, सोमवार

पुन्हा तेच! नववीतल्या एका मुलीनं सातवाहनांवर दोन पानं लिहून आणली. विमानं होती म्हणे त्यांच्याकडं. पैठणहून उडायची! "कुठून आणलंस?" "मोबाईलवर आलं होतं, सर. खाली लिहिलं होतं, सगळ्यांना पाठवा." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. फळ्यावर पुन्हा लिहिलं – तीन ठिकाणी सापडलं तरच खरं. वर्षभर घसा फोडतोय. ज्याला वाचता येतं पण तपासता येत नाही, त्याला कुणीही कुठंही हाकलत नेईल. हे मी जयंतीच्या सभांत मैदानं भरून सांगितलं, टाळ्या घेतल्या. पण वर्गातल्या चाळीस पोरांच्या गळी उतरत नाही!

एकटी रूपा ऐकते. तिचा प्रकल्प राज्याच्या प्रदर्शनाला निवडला गेलाय. 'आपल्या भागातला पाण्याचा लढा'. पुण्याला जायचं २८ तारखेला. निवडलेले प्रकल्प पुस्तिकेत छापणार.

१३ जानेवारी

रूपाचे वडील राजकुमार पेढे घेऊन घरी आले. बिडकीनकडच्या कंपनीत आहेत, रात्रपाळी संपवून थेट पुंडलिकनगरला. डोळे लाल. "जय भीम, सर. आमच्या खानदानात पुण्याला कुणी बक्षिसाला गेलं नाय. कामाला लई जण गेले." मीही हसलो. चौकात बॅनर लावतोय म्हणाले. त्यावर माझाही फोटो! नको म्हटलं. ऐकतील तर ना.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ, फोन. पुण्याहून पत्र – प्रत्येक संदर्भ शिक्षकानं स्वतः पडताळून सही करून पाठवावा. मुदत २० तारीख.

१५ जानेवारी

संगणकाचे सोमनाथ सर आणि मी रूपाचे संदर्भ उघडून बसलो. पोरीनं शिस्तीत यादी केली होती. बिडकीनजवळच्या एका वाडीत १९३६ साली तीनशे बायकांनी बंदी झुगारून सार्वजनिक विहिरीवर पाणी भरलं, पुढं आवडाबाई. एक बातम्यांचं पोर्टल, एक ब्लॉग, एक माहितीकोश. तिन्हीकडं तेच साल, तोच आकडा. वा!

मग एक ओळ दिसली. "डोक्यावर घागर आणि डोळ्यांत वीज." तिन्हीकडं तीच. अक्षरशः तीच.

सोमनाथ म्हणाले, "भारी लिहिलंय हो कुणीतरी."

ते वाक्य माझं आहे.

१६ जानेवारी

व्हिडिओ सापडला. बिडकीन, चार वर्षांपूर्वीची जयंती. मी घाम पुसतोय, ओरडतोय – "सन छत्तीस! तीनशे बायका!" – आणि मैदान पेटलंय. पोर्टलनं भाषण ऐकून बातमी केली. ब्लॉगनं पोर्टलवरून उचललं. माहितीकोशात कुणीतरी दोघांचा हवाला दिला. तीन ठिकाणं कुठली? एकच ठिकाण. माझं तोंड!

शेकडो सभांत काय काय बोललो ते विसरून गेलो होतो, पण त्या दिवशी खरं काय झालं होतं ते आता आठवतंय. सभेआधी चहा पिताना कडुबा नावाचे एक म्हातारे म्हणाले होते, "आमच्या वाडीतबी बायांनी हिरीवर पाणी भरलं म्हनं." बस. एवढंच. साल मी घातलं. तीनशे मी घातले. आवडाबाई हे नाव तोंडात आलं, जिभेला बरं वाटलं, ठेवलं. मंचावर आपण असंच करतो. कुणी विचारत नाही, आणि विचारणाऱ्याला बाकीचे खाली बसवतात.

१७ जानेवारी

वाडीला जाऊन आलो. कडुबा वारले, दोन वर्षं झाली. मुलगा म्हणाला, "आम्हाला काय ठावं, सर? तुमच्याच भाषणातून कळालं की आम्हाला." देवा!

सोमनाथला सगळं सांगितलं. म्हणाले, "जाऊ द्या हो. चांगल्यासाठीच बोललात ना? कुणाचं काय बिघडलं?" भडकलो. काय बिघडलं? आमच्या आयाबायांनी सोसलेलं खोटं ठरवायला लोक टपून बसलेत. उद्या कुणी ही आवडाबाई उघडी पाडली की तिच्याबरोबर खऱ्या विहिरी, खऱ्या लाठ्या, सगळंच खोटं म्हणतील. ते हत्यार मी घडवून दिलं. वर सही करून देऊ?

सही नाही केली तर रूपा जात नाही.

१८ जानेवारी, रविवार

सांगायचंच म्हणून तिच्या घरी गेलो. बॅनर लागलाय. राजकुमारनं उसन्या खुर्चीवर बसवलं. रूपाच्या आईनं नवा ड्रेस दाखवला, पुण्यासाठीचा. चहा घेतला. "सर, दोन शब्द बोला की पोरीला." बोललो! सत्यावर बोललो! दहा मिनिटं!

रूपा खाली बघत होती. मी पळून आलो.

१९ जानेवारी

काही नाही. सहीचा कागद तसाच.

२० जानेवारी

सांगितलं. पहिल्याच तासाला, वर्गासमोर, उभं राहून. आवडाबाई मी रचली. तीनशे मी रचले. रूपाची काही चूक नाही, तिनं माझा नियम पाळला आणि नियमच अर्धा होता. तिघांनी एकाचंच ऐकलंय का, ते शोधा, हे मी कधी शिकवलंच नाही. मग मागून कुणीतरी – "म्हणजे सर, विमानं बरी होती!" कुणी हसलं नाही.

पुण्याला पत्र टाकलं. प्रकल्प मागे. पोर्टल, ब्लॉग, माहितीकोश, सगळीकडं लिहिलं. उत्तर कुणाचंच नाही. मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हणाले, "शाळेची अब्रू घालवली तुम्ही. आधी मला तरी विचारायचं." राजकुमारनं फोन उचलला नाही. संध्याकाळी चौकातून आलो. बॅनर उतरवलाय, दोऱ्या तेवढ्या लोंबतात.

रूपा रडली असती तर बरं झालं असतं. दिवसभर नुसती बघत होती माझ्याकडं.

२१ जानेवारी

शाळा सुटल्यावर रूपा आली. दारातच उभी. म्हणाली, "सर, मला माहीत होतं. तुमच्या भाषणाचा व्हिडिओ मी आधीच बघितला होता. माझी आजी त्याच वाडीची. तिची आई होती त्या विहिरीवर. तीनशे नव्हत्या, सातच होत्या. आजीनं सातही जणींची नावं सांगितली, मी लिहून घेतली."

लीलाबाई, तिची आजी. डिसेंबरात वारल्या. रूपा तेव्हा चार दिवस शाळेत नव्हती.

"कुठाय ते पान?" माझा आवाज चढला असावा. ती मागे सरकली.

"तुमच्या भाषणाशी जुळत नव्हतं, सर. मी फाडलं."