विटांवरचा संसार

१२ मे
ही वही माझी मलाच. हिशेबाची वेगळी आहे. तिच्यात मनातलं लिहिलं की बेरीज चुकते.
लेक आली होती. पुढल्या तीस वर्षांत कुठल्या गल्लीत किती पाणी शिरणार, किती दुकानं बसणार, घरांचे भाव किती पडणार, याचे अंदाज तिच्या ऑफिसात बांधतात. त्याचा पगार मिळतो! कॉम्प्युटरवर नकाशा दाखवला. आमची गल्ली निळी. म्हणाली, आई, तळमजला आहे, भाव आहे तोवर विका आणि माझ्याजवळ टेकडीवर या. मी म्हटलं, निळा रंग डोळ्यांना थंड असतो. तिने वडिलांकडे बघितलं. हे पेपरात शिरले.
आपला अंदाज: काही होत नाही. जप करून पडले.

२ जून
विमावाला फिरकला नाही. ह्यांनी फोन केला, तर कंपनी यंदापासून आमच्या गल्लीतली घरं घेत नाही म्हणे. हप्ता वाचला. देव असा मार्ग काढतो.

१९ जून
समुद्राला मोठी भरती होती. न्हाणीघराच्या जाळीतून जरासं वर आलं. त्याला पाणी म्हणता येणार नाही. ओल. हे म्हणाले, पंप घेऊ. साफ नाही म्हटलं. घरात पंप आणणं म्हणजे पाण्याला बोलावणं धाडणं. वर खर्च.
पिठाचा डबा विटांवर ठेवला. ओलीचा काही संबंध नाही. खालून झाडता येतं.

७ जुलै
शेजारची भिंत पाडली. गवंडी म्हणाला, मावशी, हव्या तेवढ्या विटा न्या. फुकटचं कशाला सोडा? फ्रिज, कपाट, शिलाई मशीन, सगळं वर घेतलं. गवंड्याने हात लावला म्हणून जमलं, तरी पाठ गेली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यातून विचारलं, काय हो, घरात घर बांधताय का? म्हटलं, स्वच्छता. ह्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे मदत तोंडाने. खुर्चीतून म्हणाले, मलाही लाव दोन.

८ जुलै
लावल्या. आता पाय टेकत नाहीत म्हणून कुरकुर. माणसाला कशाचं समाधान म्हणून नाही.

२५ जुलै, दुपार
कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने दुकान हलवलं. शटरवर पाटी, ‘जागा भाड्याने देणे’. तशा आणखी तीन पाट्या दिसल्या. गल्लीतली वर्दळ कमी होणार. शांतता वाढली की घरांचे भावही वाढणार. एवढं लेकीच्या कॉम्प्युटरला कळू नये?
देव खालच्या फडताळात होते, ते कपाटावर बसवले. देव उंचावरच शोभतात. आता स्टुलावर चढून पूजा. दम लागतो, पण डॉक्टर व्यायाम सांगतच होते.

११ ऑगस्ट
लेकीचा फोन. ऑफिसने अंदाज बदलला. तीस वर्षांचं आता दहावर आलं. मी म्हटलं, बघ, तुमचंच चुकलं होतं. ती म्हणाली, आई, एका हातात बाबांचा गुडघा आणि दुसऱ्या हातात पाणी, एकटी काय करणार आहेस तू? म्हटलं, ठेवते, दूध उतू जातंय. दूध सकाळीच तापवून झालं होतं, पण पुन्हा बघितलेलं बरं.

३० ऑगस्ट
घर विकायचं ठरवलं. माझं मी ठरवलं, नकाशाचा संबंध नाही. टेकडीवर हवा बरी, ह्यांना लिफ्टही मिळेल. एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई घर बघायला येणार आहेत. ह्यांनी विचारलं, पाण्याचं सांगणार का? म्हटलं, देवासमोर खोटं बोलणार नाही. विचारलं तर सांगेन.
आपला अंदाज: विचारणार नाहीत. पहिल्या भेटीत सौदा.

५ सप्टेंबर
घर आरशासारखं पुसलं. मास्तर सज्जन. ऊन कुठून येतं विचारलं, शेजार कसा विचारलं, भाव तर आवडलाच. पाण्याचं खरंच विचारलं नाही. मनात म्हटलं, जमलं.
बाईंनी आधी फ्रिजखाली बघितलं, मग कपाटाखाली, मग ह्यांच्या खुर्चीखाली. शेवटी मान वर करून देवांना हात जोडले आणि मास्तरांना हळूच म्हणाल्या, अहो, चला. इथे देवसुद्धा वर चढून बसलेत.
ते गेल्यावर हे डोळ्यांत पाणी येईतो हसले. मला हसू आलं नाही. चहा न घेताच गेली माणसं.

६ सप्टेंबर
चूक सापडली. घरात दोष नाही, विटा नडल्या. पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत सगळं खाली. गवंड्याला विटा परत ने म्हटलं, तर म्हणाला, मावशी, असू द्यात, लागतील.

९ सप्टेंबर
सकाळपासून उतरवणं चालू. गवंडीच पुन्हा हाताला. मशीन झालं, फ्रिज झाला. ह्यांनी खुर्ची उतरवू दिली नाही. गवंडी गेला. देवांना खाली फडताळात बसवलं आणि दमून पलंगावर जरा डोळा लागला. संध्याकाळी दिवा लावायला उठून पाय टेकले, ते थेट पाण्यात.
हे उंचावरून म्हणाले, ओल असेल.
देव परत वर बसवायचे तर स्टूल सापडेना. स्वयंपाकघरात तरंगत होतं.
आपला अंदाज: लेकीला विचारून लिहीन.