पार्किंगच्या पलीकडे

प्रिय ड्रायव्हरसाहेब,

'प्रिय' हा शब्द नातीचा, माझा नाही. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणाली. मी म्हटलं, अगं, आमचा सगळा संसार 'अहो'वर झाला, आता या वयात प्रिय म्हटलं तर त्यांना वाटेल पत्र शेजारणीचं आहे. पण पेन तिच्या हातात, तेव्हा आजपासून तुम्ही प्रिय. मी सांगायचं, तिने लिहायचं, मग त्याचा फोटो काढून तिच्या आईच्या फोनवर पाठवायचा आणि सूनबाईने तुम्हाला वाचून दाखवायचं, असं ठरलंय. सूनबाई, जसंच्या तसं वाच गं. लाजायचं नाही आणि गाळायचं तर मुळीच नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोनदा 'हं' म्हणता आणि 'हिच्याशी बोल' करून मोकळे होता. पत्र असं दुसऱ्याच्या हातात देऊन सुटता येत नाही.

आधी आपलं भांडण. मी निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पार पिकलाय, आणखी लांबवलात तर नंतर ऑपरेशन करूनही फारसं हाती लागणार नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी अख्ख्या प्रवासात चघळतेय. म्हणालात, सगळा देश पाहिलाय मी, किनारा न् किनारा पाहिलाय, आता बघायचं राहिलंय काय? ते खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे जागाच नव्हती. टुरिस्ट बसच्या स्टिअरिंगमागे तुमचं आयुष्य गेलं. तुम्ही नाही पाहिलंत तर कुणी पाहिलं? पण ज्या माणसाने परवा खुंटीवरच्या रेनकोटला 'या, बसा' म्हटलं, त्याने असं म्हणावं याचा मला राग आला. रेनकोट बसला नाही म्हणून तुम्ही त्याच्यावर रागावलात, ते वेगळंच. म्हणून नातीने काढलेल्या तिकिटावर मी तुमच्याशी न बोलता निघून आले. ते जाऊ दे. आता ऐका.

बस बरी आहे. गाईडबाई बारीकशी आहे, हातात पिवळी छत्री घेऊन पुढे चालते, आणि आम्ही सगळी पिकली पानं तिच्यामागे. मी सोडून बाकी सगळ्यांना वाचता येतं, त्यामुळे ते प्रत्येक पाटीपुढे थांबतात आणि मी एकटी वस्तू बघते. माझं बघून होतं तरी त्यांचं वाचून होत नाही. पहिल्या दिवशी समुद्राकाठच्या टेकाडावरचा तो राजवाडा झाला. दारातून आत शिरले तेव्हा मला वाटलं, मी माहेरीच आले. आरशांचं दालन कुठे, गुप्त जिना कुठे, सगळं तुमच्या तोंडून ऐकलेलं. मी नातीला आधीच सांगून ठेवलं होतं, की राजाचा पलंग बघ, त्यावर सात माणसं आडवी झोपतील. तुम्हीच नव्हतं का सांगितलंत? मी ते जावेला सांगितलं, विहिणीला सांगितलं, बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगून झालंय.

अहो, पलंग कसला, खाट ती. आपला धाकटा शाळेत असताना त्याला घेतली होती तेवढी. तुम्ही झोपलात तर गुडघ्यापासून खाली पाय बाहेर. गाईडबाई म्हणाली, त्या काळी माणसं उशांना टेकून अर्धी बसूनच झोपायची. मी तिला विचारलं, मोठा पलंग कुठल्या खोलीत? ती म्हणाली, आजी, पलंग हा एकच. मी तिला समजावलं, की बाई, तुझी नोकरी नवी दिसते, माझ्या घरच्यांनी स्वतः पाहिलाय. ती गोड हसली. नातीने माझा हात धरून मला पुढच्या खोलीत नेलं.

बाहेर आले तर आमचा ड्रायव्हर पुढची काच पुसत होता. तरुण आहे, तुमच्यासारखाच टॉवेल खांद्यावर. मी त्याच्यापाशी कुरकुरले, की काय रे हा तुमचा पलंग. तो म्हणाला, नाही नाही आजी, मोठा आहे तो, सात माणसं झोपतात त्यावर. अगदी याच शब्दांत. मी विचारलं, तू बघितलास? तो हसायलाच लागला. म्हणाला, आत गेलो तर गाडी कोण बघणार? ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते, आजी. पण सगळे सांगतात ना. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. पण कुणीतरी चहाचा कप हातात दिला, आणि चहा गरम होता, म्हणून मी पुढचा विचार केला नाही.

मग दीपगृह आलं. पायऱ्या गोल गोल, भिंत एका बाजूला आणि दोर दुसऱ्या बाजूला. नातीने मागून ढकललं, गाईडबाईने पुढून ओढलं, अशी मी पोत्यासारखी वर पोचले. वरून पलीकडच्या देशातल्या चिमण्यांचा धूर दिसतो असं तुम्ही म्हणायचात. मी डोळे ताणून पाहिलं, नातीने दुर्बीण लावून पाहिलं. पाणीच पाणी. सुंदर होतं हो, नाही म्हणत नाही. पाण्याचे पट्टे दिसत होते, जवळचा हिरवा, मग निळा, मग जांभळ्यासारखा, आणि सगळ्यात लांब आभाळ कुठलं नि पाणी कुठलं ते कळत नव्हतं. पण धूर नाही. मग वाऱ्याकडे पाठ करायला म्हणून मी दुसऱ्या बाजूला वळले आणि खाली पाहिलं.

खाली पार्किंग. साबणाच्या वड्यांसारख्या बसगाड्या ओळीने लावलेल्या, आणि भिंतीच्या हातभर सावलीत सगळे ड्रायव्हर बसलेले. एकाने बूट काढून पाय पसरलेत, एकाने बॉनेटमध्ये डोकं घातलंय, एकजण नुसताच वर आमच्याकडे बघतोय. आणि मला तुम्ही दिसलात. खरंच दिसलात असं नव्हे, नात लगेच कपाळाला हात लावून बघायला लागली म्हणून सांगते. पण मला एकदम आठवलं, की घरी आल्यावर गरम पाण्यात पाय सोडून तुम्ही सांगायला बसायचात, ते दर वेळी बाहेरूनच सुरू व्हायचं. दीपगृहाशी गाडी वाऱ्याला पाठ करून लावायची, नाहीतर दार हातातून उडतं. राजवाड्याच्या पार्किंगमध्ये दोन नळ, त्यातल्या डावीकडच्याचं पाणी गोड. जुन्या बंदरापाशी एक कानतुटका कुत्रा, तो फक्त ड्रायव्हरांना ओळखतो. मी स्टोव्ह बंद करायचे, ऐकू यावं म्हणून, आणि तुमच्या मागे लागायचे, की ते नळ नि कुत्री राहू द्या हो, आत काय होतं ते सांगा. तुम्ही जरा थांबायचात. मग आतलं सांगायचात. मला वाटायचं, आठवताय. तुम्ही जुळवत होतात.

राग आला का? आला. खाली उतरेपर्यंत टिकला. मला उतरायला वेळ लागतो, म्हणून बराच टिकला म्हणायचा. उतरताना एकेका पायरीवर मी तुम्हाला एकेक नाव ठेवलं, ती नावं सूनबाईने वाचण्यासारखी नाहीत. पण शेवटच्या वळणावर मनात आलं, की बाजाराच्या पलीकडचा रस्ता न पाहिलेल्या बाईला या माणसाने राजवाड्यात फिरवलं, तटावर चढवलं, गुप्त जिन्याने उतरवलं, आणि स्वतः मात्र टायरला टेकून बसून राहिला. थकून यायचात, डोळे मिटत असायचे, तरी एक दालन जास्तीचं दाखवल्याशिवाय झोपला नाहीत. मग रागाला काही जोर राहिला नाही. नुसतं हसू येत होतं. नात म्हणाली, आजी, वर हवा विरळ होती वाटतं.

आज समुद्रातला किल्ला होता. ओहोटी लागली की दगडी वाट उघडी पडते आणि चालत जाता येतं, हे तुम्ही सांगितलेलं अगदी खरं निघालं, कारण ते पार्किंगमधून दिसतं. सगळे चपला हातात घेऊन निघाले. मी म्हटलं, माझा गुडघा नाही म्हणतोय, तुम्ही या जाऊन. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. नातीला वही-पेनासकट मागे ठेवून घेतलं आणि गेले ती सरळ भिंतीच्या सावलीत ड्रायव्हर लोकांत. त्यांनी उलटा डबा ठेवून त्यावर टॉवेल घातला, मला बसवलं. त्यांच्यात एक पिकल्या मिशांचा होता. बोलता बोलता मी तुमचा रूट सांगितला, तुमची गाडी सांगितली, तर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, म्हणजे तुम्ही मास्तरांच्या घरातून? तुम्हाला इथे मास्तर म्हणायचे हे मला आज कळलं. आतलं कसं सांगायचं ते म्हणे नव्या पोरांनी तुमच्याकडून शिकायचं. आणि त्या पलंगावरची सात माणसं तुम्हीच झोपवलीत म्हणे. तुमच्याआधी तिथे पाचच होती.

खूप हसलो आम्ही. मग तो म्हणाला, मास्तर नेहमी सांगायचे, एकदा रिटायर झालो की तिकीट काढून येणार, मंडळींना खिडकीशी बसवणार, आणि पाहुण्यांसारखं दोघं मिळून आत जाणार. आले का हो ते? मी म्हटलं, यायचेत अजून. मग भरती कधी लागते, वाट कधी बुडते, असलंच काहीतरी विचारत बसले. सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असलेला हा बेत मला मात्र तुम्ही कधी सांगितला नाहीत. रिटायर झालात आणि त्याच वर्षी डोळ्यांवर धुकं यायला लागलं, तेव्हा तो गिळून टाकलात. आणि वर डॉक्टरांना म्हणालात, सगळं पाहून झालंय.

लोक किल्ल्यावरून परतताना दिसतायत, चपला अजून हातातच आहेत, म्हणून आवरतं घेते. मी किल्ला पाहिलेला नाही, आणि त्याचं वर्णनही मला कुणाकडून ऐकायचं नाही, गाईडबाईकडून नाही की तुमच्याकडून नाही. घाटातल्या धुक्यात गाणं गुणगुणतो असं तुम्हीच सांगायचात, ते कशासाठी गुणगुणायचात, ते मला ठाऊक आहे, तेव्हा मला धीट चेहरा दाखवू नका. तुम्हाला भीती वाटतेय, की डोळा उघडला आणि तरी काही दिसलं नाही तर? मलाही वाटते. तुम्ही 'सगळं पाहिलंय' म्हणालात तेव्हा ती भीतीच बोलत होती, एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते तुमच्यासमोर तोंडाने सांगवलं नसतं, म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी ऑपरेशनचा मंगळवार अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नाही, मी मुलाला विचारून घेतलंय. होकार तुमचा तुम्हीच कळवायचा. सोमवारी मी घरी येते. इतकी वर्षं लोकांना दारापर्यंत पोचवून तुम्ही बाहेर थांबलात. या खेपेला आत तुम्ही जा, बाहेर मी थांबते. सावली नसली तरी थांबते.

तुमचीच,
मंडळी