पायथ्याची गंगा

१८ ऑग., सोम.
ताईकडं जाऊन आलो. बदनापूरपर्यंत रेल्वे, पुढं जीप. तळ्याच्या पाळीच्या पायथ्याशी, ताईच्या अंगणातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर, झरा फुटलाय. आधी नुसती ओल होती म्हणे, आता करंगळीएवढी धार. गावानं दगड मांडला, शेंदूर लावला, नाव ठेवलं गंगा. हे तळं बांधलं नाल्याचा पूर वस्तीत शिरू नये म्हणून. आता त्याच्याच पोटातलं पाणी वस्तीकडं निघालंय आणि आपण त्याला कुंकू वाहतोय.
ताई म्हणाली, "पंडिता, येवढं संस्कृत शिकलास, हिच्यावर एक स्तोत्र तरी कर." म्हटलं, आधी ही आली कुठून ते कळू दे. कूळ माहीत नसलेल्या देवतेचं स्तोत्र जमत नाही मला.
ती हसली. मला नीट हसता आलं नाही.

२१ ऑग., गुरु.
पेपरला बातमी पाठवली. मथळा: 'तळ्याच्या पाळीतून गळती; वस्तीला धोका?' प्रश्नचिन्ह मुद्दाम. शाखा अभियंत्याला (पुढं नुसता अभि.) फोन केला. तरुण आहे, नम्र आहे. म्हणाला, मातीची पाळ थोडी पाझरतेच सर. पाझरणे: अकर्मक क्रियापद. कुणी काही केलेलं नसतं, आपोआप होतं. सरकारी कामाला याहून सोयीचं क्रियापद नाही.
तरी रविवारी येतो म्हणाला, सुट्टी असून. याचा एक गुण द्यायला हवा.

२३ ऑग., शनि.
छापून आली. 'भक्तिरंग' पानावर. मथळा: 'पाळीच्या पायथ्याशी गंगा अवतरली.' फोटो माझाच. उपसंपादकाला फोन केला तर म्हणतो, "काका, फोटोत शेंदूर होता ना." प्रत्यक्ष प्रमाण! यावर कोणता नैयायिक बोलणार. खुलासा छापा म्हटलं. बघतो म्हणाला.

२४ ऑग., रवि.
जत्रा. जीपा, नारळ, पाळीच्या माथ्यावर मोटारसायकली. माझ्याच बातमीची पुण्याई.
अभि. आला. आधी दगडापुढं चपला काढल्या, मग उकिडवा बसला. पाणी ओंजळीत घेतलं, नितळ दिसलं. मला म्हणाला, नितळ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर समजायचं, पाळ आतून पोखरली जातेय. वरून मुरूम असतो, पोटात काळी माती दाबून भरलेली. ती निघायला लागली की मग…
त्यानं ओंजळ रिकामी केली.
ताईकडं चहाला गेलो. देवघरात काचेची बाटली, सकाळी भरलेलं तीर्थ. वर लख्ख पाणी. तळाला काळा थर, नखाएवढा.
"गंगेची माती हाये ती," ताई म्हणाली. "कपाळाला लावून राह्यलेय मी."
अभि.नं बाटली दारात नेऊन उजेडात धरली. इथला पायथा सगळा तांबड्या मुरमाचा. चहावर साय आली, कुणी कपाला हात लावला नाही.

२५ ऑग., सोम.
रहीमभाईंच्या ओट्यावर गाव जमलं. अभि.नं समजावून सांगितलं: मोरीचं, म्हणजे पाळीखालून पाणी सोडायच्या वाटेचं, दार उघडून तळं उतरवायचं. झरा बुजवायचा नाही, बुजवला तर दुसरीकडून फुटेल. त्याच्यावर वाळू, मग बारीक खडी, मग मोठी. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. थोडक्यात, गाळणी.
दोन आक्षेप. पाणी सोडलं तर मोसंबी वाळणार. आणि गाळणी घालायची तर दगड हलवावा लागणार.
तळ्यावर सगळ्यात मोठी बाग रहीमभाईंचीच. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत. ते म्हणाले, "पानी सोडलं तर बाग जाईल, मालूम हाये मला. पाळ फुटली तर बाग बी जाईल आन तिच्यासाठी रडायला मी बी राहनार न्हाई. खोला."
दगडाचं मात्र अडलं. गंगेला हात कोण लावणार?

२६ ऑग., मंगळ.
ताईला म्हटलं, चल जुन्या जालन्यात, आठ दिवस राहा. म्हणे तुमच्या गल्लीत रिक्षांच्या भोंग्यानं डोळा लागत नाही. पाळ फुटली तर चालेल, भोंगा नको.
मग पंडिती काढली. म्हटलं, तीर्थ म्हणजे तरून पलीकडं जायची जागा. 'तॄ' धातू, तरणे.
"मंग आपून तरायचं कसं?"
म्हटलं, गंगेला उंचावर बसव.
ती उठली. आंघोळ करून आली, दगड पदरात घेतला, सांडव्यापलीकडच्या टेकाडावर नेऊन ठेवला. कुणी अडवलं नाही. रहीमभाईंच्या ट्रॅक्टरनं वाळू, खडी आली. मोरीचं दार गंजलेलं. निम्मं उघडलं, पुढं हलेना.

१ सप्टें., सोम.
तळं उतरतंय, सावकाश. मी सांगितल्याप्रमाणं ताई रोज सकाळी गाळणीतून येणारं पाणी बाटलीत भरते, दिवसभर खिडकीत ठेवते, संध्याकाळी तळ बघून मला फोन करते. "काही न्हाई." मी म्हणतो, शुभम्. तीर्थ पूर्वी प्यायची, आता वाचते.

५ सप्टें., शुक्र.
"काही न्हाई." शुभम्.
मोरीच्या दाराला माणूस अजून मिळालेला नाही. अभि. रोज विचारतो, वरून रोज 'होईल' येतं. पुन्हा अकर्मक.

९ सप्टें., मंगळ.
परवापासून वरच्या अंगाला पाऊस. सोडलं त्याहून जास्त भरलं. आज ताईचा फोन नाही. निघालो. बदनापूरच्या पुढं जीप जाईना, नाल्याच्या पुलावरून पाणी. स्टेशनच्या बाकावर लिहितोय.
शेवटी मीच लावला. उचलला.
धार वाढली का? वाढलीय. रंग? आभाळ भरून आलंय, ओंजळीत काय दिसतंय. वस्ती? रहीमभाईंच्या माडीवर गेली सगळी, अभि.नं घरोघर जाऊन उठवलं.
आणि तू?
"जाते की. बाटली भरून ठेवलीय, तेवढं बघून जाते."
म्हटलं, बाटली राहू दे, आधी तू नीघ.
"तूच शिकवलंस ना बघायला? माती बसू दे की जरा."
फोन ठेवला. पुन्हा लावला, लागत नाही.
बसलोय.