साहेबाच्या हातातला कंदील

तारापूर, चैत्र, सन १९६७

तीर्थरूप खंडेरावमामांच्या पायी जावई भगवंताचा दंडवत. आपली कंबर, मामींचा दमा आणि तांबडी गाय यांची काळजी वाटते (याच क्रमाने). माझी प्रकृती ठीक. इथल्या खाऱ्या वाऱ्याने माणूस दिवसाही अर्धवट झोपेत असल्यासारखा वावरतो, एवढेच.

खोली मिळाल्याशिवाय मैनाला पाठवणार नाही, असे आपण कळवलेत. मामा, खोली मिळालीच होती म्हणा ना! कोळीवाड्यातल्या नवशा तांडेलांची, खिडकीतून समुद्र दिसणारी. पण ते ग्रामपंचायतीला उभे. निवडून आलो की चावी तुझी, म्हणाले. माझे इथे मतसुद्धा नाही. पण बोईसरच्या हॉटेलात कुणीतरी पेपर मोठ्याने वाचला, की अमेरिकेचे सरकार म्हणे परमुलखातल्या निवडणुका गुपचूप फिरवते. आणि मी पडलो वीजकेंद्राच्या बांधकामावरच्या अमेरिकन साहेबाचा स्वयंपाकी. नवशा म्हणाले, "देशच्या देश फिरवतान, मंग तुजा सायेब आमाला येक ग्रामपंचायत नाय देनार?"

आमच्या साहेबाला स्वतःचा चष्मा सापडत नाही. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन तो पाण्याकडे बघत राहतो (त्याचीही बायको लांब आहे, त्या बाबतीत आम्ही एकाच देशाचे). नवशांची निशाणी कंदील. म्हणून मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी पेटता कंदील साहेबाच्या हातात दिला, म्हणजे साहेब कुणाचा ते गावाला आपोआप कळावे. त्याने तो आनंदाने घेतला. समुद्र जांभळा होत गेला, आभाळ विझत आले, तरी साहेब कंदील धरून उभाच. मलाही हलवेना. त्या उजेडात मला मैना दिसत होती, खोटे कशाला सांगू!

इथे होड्या परततात तेव्हा बायका खाडीच्या तोंडाशी कंदील धरतात. मतदानासाठी परतणारा नवशांचा सगळा पक्ष खुद्द त्यांच्यासकट साहेबाचा उजेड बघून आमच्याकडे वळला आणि ओहोटीने चिखलात बसला. साहेबाला वाटले, पाहुणे आले. बंगल्यावर नेऊन त्याने त्यांना डब्यातली परदेशी मासळी खाऊ घातली (वाढली मीच), आणि मंडळी व्हरांड्यातच घोरू लागली. तिकडे बायका कंदील धरून ताटकळल्या, रडल्या, नवस बोलल्या. सकाळी सगळे उघडकीला आले. नवरे सुखरूप आहेत याचा आनंद क्षणभर टिकला; घरचे म्हावरे सोडून डब्यातले खाल्ले, हे काही कुणाला सहन झाले नाही. झाडून साऱ्या बायांनी नवशांच्या विरोधात उभ्या असलेल्या वामनच्या छत्रीवर शिक्के मारले, सर्वांत आधी नवशांच्या मंजुळाबाईंनी. नवशा सपाटून पडले.

मामींना नमस्कार.
आपला,
भगवंत

ता. क. – खोलीची चावी पहिल्यापासून मंजुळाबाईंच्याच कमरेला असते, हे मला आत्ता कळले. मागायला गेलो तर म्हणाल्या, "एकल्या बाप्याला खोली नाय. आदी बायको आन."

पुन्हा ता. क. – आपण म्हणता आधी खोली, त्या म्हणतात आधी बायको. मैनावाचून मला इथे अजिबात करमत नाही. वडीलधाऱ्यांना असे लिहू नये, पण लिहिले. मंजुळाबाई हटणाऱ्यांतल्या नाहीत. तेव्हा आपणच तिला गुपचूप गाडीत बसवून द्यावे. सासऱ्यांनी माघार घेतली, हे मी आपल्या गावात कुणाला कळू देणार नाही.