सव्वा महिन्याची थाप

९ जानेवारी
मुलगी! दुपारी दोन चाळीसला. दोन किलो सहाशे. नर्सबाईंनी फडक्यात गुंडाळून पुढे केली - "घ्या, बाबा." माझे हात मागेच गेले. सासूबाईंनी घेतली. कुणाच्या लक्षात आलं नाही. नखं आहेत तिला! दहाही बोटांना. मी मोजली, लांबूनच.

११ जानेवारी
दोघींना जामसरला आणलं, योगिताच्या माहेरी. आता दोन महिने त्या इथे, आणि मी मोखाड्याहून ड्यूटी संपली की गाडीवर.
योगिताची काकू पोरीला माझ्या हातात द्यायला आली आणि पुन्हा दवाखान्यातलंच चित्र डोळ्यांपुढे आलं - हातातून सुटली, फरशीवर पडली. तोंडातून निघून गेलं, "आमच्यात सव्वा महिना बाप पोराला हात लावत नाही!"
असली रीत आमच्या सूर्यमाळला कुणी ऐकलीसुद्धा नसेल. बायांचा सव्वा महिना माहीत होता, तोच बापाला चिकटवला. सरळ सरळ थाप.

१३ जानेवारी
आज पाचवी. सासूबाई ही रीत माझ्यापेक्षा कडक पाळतात! धाकली मेहुणी पोरीला माझ्या मांडीवर ठेवत होती, तर तिच्यावर केवढ्या ओरडल्या - "त्यांच्या कुळाची रीत मोडतेस?" मला ओट्यावर वेगळं बसवलं. वर कोंबडीचा तुकडाही जास्त वाढला. लाज वाटली. तुकडा खाल्ला.

१८ जानेवारी
योगिताने सरळ माझ्या बाला फोन लावला! सूर्यमाळला टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही, आणि नेमका आजच माझा बाप टेकडीवर. "बाबा, तुमच्यात खरंच सव्वा महिना असतो का?" फोन स्पीकरवर. मी भिंतीला टेकलो. बा म्हणाला - "हां. असतो."
बा खोटं बोलला! जन्मात कधी बोलला नाही. का बोलला?

२३ जानेवारी
पोरीला उचक्या लागल्या. अख्खं अंग उडतं आणि तिला त्याचं काहीच नाही! डोळे उघडे ठेवून छपराकडे बघते. मी पाट ओढून बघत बसलो, भाकरी गार झाली. पंधरा दिवसांपूर्वी हे माणूस नव्हतंच की! आणि आता जांभई देतं.
मग चित्र आलं. उठून गाडी पुसली. पुसलेलीच गाडी पुन्हा पुसली.

३० जानेवारी
गावच्या आशा सेविका आल्या, सुमनताई. एकविसाव्या दिवसाची भेट. पोरीला झोळीत घालून काट्याला लटकवलं - तीन किलो शंभर! योगिताला विचारलं, झोप लागते का, भूक, रडू येतं का. लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या, "आणि भावेशदादा, तुम्ही?"
"मला काय झालंय?"
"तेच विचारते. झोप लागते?"
कुणी विचारलंच नव्हतं. आणि मी, अकरा केव्हीच्या खांबावर चढणारा वायरमन, भर अंगणात हमसून हमसून रडलो! सुमनताईंनी सासूबाईंना चहा टाकायला पाठवलं. मी सगळं ओकलो. चित्र, थाप, सगळं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बापांनाही होतं हे. जव्हारला समुपदेशक बसतात मंगळवारी. जाच." त्यांच्या फॉर्मात बापाला रकाना नाही. त्यांनी समासात लिहिलं - "वडिलांची पुन्हा विचारपूस करणे." मी ते तीनदा वाचलं.

४ फेब्रुवारी
गेलो. बाहेर बाकावर टोपी खाली ओढून बसलो. ओळखीचं कुणी भेटून मीटर कधी बदलताय विचारायला नको! समुपदेशक तन्मय सर माझ्यापेक्षाही लहान. पण शांतपणे सांगितलं, "हे चित्र म्हणजे तुमची इच्छा नाही, भीती आहे. पुष्कळ आईबापांना दिसतं. दिसलं म्हणून ते तसं करत नाहीत." घरी खरं सांगायचं. मग आधी पोरीच्या पावलाला स्पर्श, मग हाताला, मग बसून मांडीवर. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय.
पुष्कळांना! मला वाटत होतं माझ्यातच राक्षस शिरलाय.

५ फेब्रुवारी
योगिताला सांगितलं. चिडली. "मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तुम्ही हात लावत नाही!" बाप रे! माझ्या डोक्यातही नव्हतं हे, आणि ती बाई इतके दिवस हे गिळून बसली होती. दोघं रडलो.
मग पोरीच्या पावलाला हात लावला. उलटा हात. लाइन बंद आहे म्हणून सांगितलं तरी आम्ही वायरमन तारेला आधी हाताची मागची बाजूच लावतो, सवय! योगिता रडता रडता हसली - "ती काय तार आहे?"
पाऊल गरम होतं. माझ्या बोटाएवढं! मग पोरीने मुठीत माझं बोट धरलं. काय पकड आहे! सुटेना. मी सोडवलंही नाही.

१२ फेब्रुवारी
मांडीवर घेतली. भिंतीला टेकून, चार मिनिटं. चित्र आलं, आणि आलं तसं गेलं. पोरगी तिथेच!!

१४ फेब्रुवारी
सासूबाईंना खरं सांगितलं. "आणि मी तुम्हाला कोंबडी जास्त वाढली!" म्हणाल्या. तेवढंच.

१७ फेब्रुवारी
बा आला. पहिल्यांदाच नातीला बघायला. सूर्यमाळहून एसटीने, पिशवीत नाचणीचं पीठ. पोरगी झोपलेली, लांबूनच बघितली. ओट्यावर दोघंच होतो तेव्हा विचारलं, "बा, अशी रीत नाही आपल्यात. तू फोनवर खोटं का बोललास?"
बा अंगणाकडे बघत म्हणाला, "तू झाला तवा मीच सांगलं व्हतं तुझ्या आयला. सव्वा महिना. लय भ्याव वाटं माला."
तीस वर्षं झाली याला! आणि त्याला कुणी सुमनताई भेटली नाही.
"मग नंतर, बा?"
"मंग वीटभट्टीवर गेलो कामाला, लांब." बा उठला, पाय धुवायला गेला.

१८ फेब्रुवारी
सकाळी पोरगी बाच्या पुढे केली. त्याचे हात मागे गेले, अगदी माझ्यासारखे. मग हळूहळू पुढे आले.
"मान कशी धरायची रं? तुला कवा घेतलाच नाय."
मी बाचा हात धरला आणि तिच्या मानेखाली ठेवला.